उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांचे फोटो सतत सॉफ्ट येतायत? लेन्स बदलायच्या आधी या क्रमाने तपासा

पक्षी तारेवर बसलेला असतो तेव्हा डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा कडक येतो आणि तोच पक्षी उडाला की अख्खी मालिका मऊ, म्हणजे सॉफ्ट, धूसर, ही तक्रार दर हिवाळ्यात माझ्याकडे येते. कापशी घार, हॅरियर, शिक्रा, नोव्हेंबरात लोणावळ्यावरून जाणारे अमूर ससाणे, पक्षी वेगळा असतो पण तक्रार तीच. मित्रांचे, ओळखीच्यांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे कॅमेरे हातात घेऊन मी हा बिघाड इतक्यांदा शोधलाय की आता ठामपणे सांगतो, बहुतेक वेळा लेन्स ठीक असते. पण लोक आधी लेन्स विकायला काढतात, पन्नास-साठ हजारांचा फटका खातात आणि नव्या लेन्सवर तोच मऊपणा परत येतो. म्हणून हा क्रम लिहितोय, फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी.

आधी लक्षण ओळखा

"सॉफ्ट आलाय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. खराब फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूमला उघडा आणि नक्की काय खराब आहे ते बघा, कारण प्रत्येक प्रकारचा मऊपणा वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो.

पक्षी मऊ आणि मागचं गवत किंवा बाभळीच्या फांद्या कडक असतील तर फोकस पक्ष्यावरून सुटून मागे पळालाय.

पक्ष्याचं डोकं बऱ्यापैकी आहे पण पंखांची टोकं पुसल्यासारखी आहेत, तर शटर स्पीड कमी पडला. हे काही जणांना आवडतंही, पंखात गती दिसते, तो तुमचा निर्णय.

पक्षी आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसतायत तर हात हलला. फक्त पक्षीच एका दिशेला ओढलाय आणि मागचं सगळं स्थिर आहे, तर तुमचा कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने फिरला नाही.

काहीच कडक नाही, पिसांच्या कडा दुहेरी किंवा लहरी दिसतात, बोकेमध्ये, म्हणजे मागच्या पुसट भागात, खरखरीत जाळी दिसते, आणि लागोपाठच्या दहा फ्रेममध्ये दर फ्रेमचा मऊपणा वेगळा आहे, तर ती गरम हवा. हे लक्षण सगळ्यात जास्त वेळा चुकीचं वाचलं जातं.

पंख विचित्र वाकलेले, रबरासारखे दिसत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर.

आणि बसलेला पक्षी, दगड, मैलाचा दगड, सगळंच मऊ येतंय, किंवा फ्रेमची एकच बाजू कायम मऊ येते, तरच लेन्स किंवा बॉडीवर संशय घ्या.

एक गोष्ट इथेच सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल बघून कोणीही निदान करू नये आणि करून घेऊ नये, तिथे फाइल इतकी दाबली जाते की पिसांचा तपशील उरतच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका, आणि शटर, आयएसओ, अ‍ॅपर्चर हे तीन आकडे सोबत द्या.

एक मिनिटात होणाऱ्या तपासण्या

लेन्सच्या पुढे यूव्ही फिल्टर आहे का? काढा. १५०-६०० किंवा २००-५०० मिमीच्या बहुतेक लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो, दुकानदार लेन्ससोबत "प्रोटेक्शन" म्हणून स्वस्तातला गळ्यात मारतो, आणि लांब फोकल लेंग्थवर त्या काचेतली जराशी असमानता सरळ फोटोत उतरते. संरक्षणासाठी हूड पुरेसा आहे. फिल्टर काढून आणि लावून एकाच दगडाचे दोन फोटो घ्या, स्वतःच बघा.

मग लेन्सच्या अंगावरची बटणं. एएफ आणि एमएफचं (ऑटो आणि मॅन्युअल फोकसचं) बटण बॅगेतून काढताना घासून सरकतं, हे हसण्यावारी नेऊ नका, खरंच होतं. त्याच्याखाली फोकस लिमिटर असतो, लेन्सने कोणत्या अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण. निकॉन २००-५०० वर तो ६ मीटर ते अनंत, सिग्मा १५०-६०० आणि टॅमरॉनच्या १५०-६०० जी२ वर १० मीटर ते अनंत, सोनी २००-६०० वरही १० मीटर ते अनंत. उडत्या पक्ष्यासाठी तो तिथेच ठेवा. कारण फोकस सुटला की लेन्स पक्षी शोधायला अगदी जवळच्या अंतरापर्यंत जाऊन परत येते आणि तेवढ्यात कापशी घार दुसऱ्या शेतात पोचलेली असते. लिमिटर लावला की तो निम्मा प्रवासच बंद होतो. फक्त सिग्मा, टॅमरॉन आणि सोनीवाल्यांनी बघा की तिसरी सेटिंग, जवळच्या अंतरापुरती, चुकून लागलेली नाही ना, ती लागली असेल तर दूरचा पक्षी कधीच फोकस होणार नाही.

शटर स्पीड

माझे आकडे सांगतो. संथ तरंगत जाणाऱ्या मार्श हॅरियरला १/२०००, कापशी घार, शिक्रा, अमूर ससाणा यांना १/३२००, आणि शाहीन किंवा बहिरी ससाणा सूर मारणार असेल तर १/४००० च्या खाली जात नाही. बहिरी ससाण्याचा सूर ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, तो फोटो मिळाला तर मिळाला.

बरेच जण अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर असतात, तिथे शटर कॅमेरा ठरवतो, ढग आला की कॅमेरा गुपचूप १/८०० वर येतो आणि फोटोग्राफरला घरी गेल्यावर कळतं. म्हणून मॅन्युअल मोड, शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, आयएसओ ऑटो. आयएसओ ३२०० गेला तरी चालेल, नॉइज आजच्या सॉफ्टवेअरमध्ये निघतो, हललेला फोटो कशानेच निघत नाही. आकाशापुढे पक्षी असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर घ्या, नाहीतर पोट काळं येतं आणि नंतर शॅडो उचलल्या की जो चिखल होतो तोही लोकांना सॉफ्टनेसच वाटतो.

पण शटर स्पीड हे सगळ्यावरचं औषध नाही, आणि हे गणित मी प्रत्येकाला करून दाखवतो. पक्षी ताशी ६० किलोमीटरने आडवा चाललाय, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. १/१००० सेकंदात तो पावणेदोन सेंटिमीटर सरकतो, १/३२०० मध्ये अर्धा सेंटिमीटर. २० मीटरवरून ६०० मिमी लेन्सने हा अर्धा सेंटिमीटर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर पंचवीसेक पिक्सेलचा ओघळ होतो. म्हणजे १/३२०० ला सुद्धा कॅमेरा पक्ष्यासोबत फिरला नाही तर डोळा पुसला जाणारच. शटर पंखांची फडफड गोठवतं, अंगाचा वेग गोठवायचं काम तुमच्या कमरेचं आहे.

ऑटोफोकसच्या सेटिंग

मोड कंटिन्युअस हवा, निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. हे जवळपास सगळ्यांचं बरोबर असतं, चूक पुढे असते.

एरिया. मोकळ्या आकाशात मोठा झोन बिनधास्त वापरा, दुसरं काही पकडायला नाहीच. पण कडबनवाडीच्या किंवा सासवडकडच्या माळावर हॅरियर गवताच्या वर दोन-तीन मीटरवरून जातो, मागे पिवळं गवत, पक्षीही तपकिरी. इथे मोठा झोन गवतच पकडणार, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, गवताच्या काड्यांमध्ये कॉन्ट्रास्ट जास्त असतो. इथे छोटा झोन, डीएसएलआर असेल तर नऊ पॉइंटचा डायनॅमिक किंवा ग्रुप. मिररलेसवर बर्ड डिटेक्शन चालू असलं तरी छोटा झोन ठेवा, म्हणजे आधी पक्षी सापडतो आणि मग डोळा.

ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी. हिच्यामुळे कॅमेरा ठरवतो की मध्ये काही आडवं आलं तर किती वेळ जुन्या पक्ष्यालाच धरून राहायचं. गवतावरच्या, झाडांमागून जाणाऱ्या पक्ष्यासाठी चिकट बाजूला न्या. इथे एक घोळ आहे, निकॉनवर ५ म्हणजे सर्वात चिकट, सोनीवर १ म्हणजे सर्वात चिकट, आणि कॅननवर उणे बाजू चिकट. यूट्यूबवर दुसऱ्या कंपनीचा व्हिडिओ बघून आकडा तसाच टाकला की बरोबर उलटं होतं, हा प्रकार मी खूप कॅमेऱ्यांवर पाहिलाय.

प्रायॉरिटी. रिलीज प्रायॉरिटीवर कॅमेरा फोकस असो नसो, फटाफट फोटो काढत सुटतो. पहिल्या फ्रेमला तरी फोकस प्रायॉरिटी ठेवा.

आणि बटण सोडायला शिका. फोकस मागे पळाला की लोक बटण दाबून धरतात आणि चिकट सेटिंगमुळे कॅमेरा इमानदारीने गवतालाच धरून राहतो. बॅक बटणवरचा (कॅमेऱ्यामागच्या फोकसच्या बटणावरचा) अंगठा उचला, पक्षी परत झोनमध्ये आणा, पुन्हा दाबा. पक्षी यायच्या आधी साधारण तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या झुडपावर फोकस करून ठेवा, मग व्ह्यूफाइंडरमध्ये तो निदान दिसतो तरी. झूम असेल तर ३०० ला पकडायचा आणि मग ६०० ला जायचं.

फोकस कुठे लागलाय हे का इतकं महत्त्वाचं, तर ६०० मिमी, एफ ६.३, फुल फ्रेम, २० मीटर अंतर, या हिशोबात कडक पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा मिळतो, क्रॉप सेन्सरवर त्याहून कमी. मार्श हॅरियरच्या पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे जवळच्या पंखाच्या टोकाला फोकस लागला तर चेहरा गेला, आणि त्यात तुमची लेन्स पूर्ण निर्दोष असते.

स्टॅबिलायझेशनचंही, म्हणजे हाताची थरथर भरून काढणाऱ्या सोयीचंही, इथेच उरकतो. साधा मोड १ पॅनिंगला, म्हणजे पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवण्याला, विरोध करतो, आडव्या उडणाऱ्या पक्ष्याला मोड २, अचानक वळणाऱ्या पक्ष्याला ज्या लेन्सवर आहे तिथे मोड ३, निकॉनवर स्पोर्ट. १/३२०० ला संशय आलाच तर पूर्ण बंद करून एक मालिका घ्या आणि तुलना करा.

गरम हवा, जिच्यामुळे चांगल्या लेन्स विकल्या जातात

सकाळी सातला काढलेले फोटो छान आणि साडेदहाला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगला, त्याच पक्ष्याचे फोटो भिकार. माळरानावर ऊन चढलं की जमीन तापते, जमिनीलगतची गरम हवा वर चढते, गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो आणि तुमच्या ६०० मिमीला ते सगळं मोठं होऊन दिसतं. ऑटोफोकसही त्या हलत्या प्रतिमेवर गडबडतो, त्यामुळे कधी हवा, कधी फोकस असं मिश्रण येतं आणि माणूस सेटिंग बदलत बसतो.

तपासणी सोपी आहे आणि पैसे लागत नाहीत. सकाळी पोचल्या पोचल्या साठ-सत्तर मीटरवरच्या एका बाभळीच्या खोडाचे पाच फोटो घ्या. ऊन चढल्यावर त्याच जागेवरून त्याच खोडाचे पाच घ्या. दुसऱ्या संचात सालीच्या रेघा वितळल्या असतील तर उत्तर मिळालं, त्या वेळी कितीही महागडी लेन्स लावा, हेच येणार. मग पक्षी अगदी जवळून गेला तरच शटर दाबा किंवा पाण्याची बाटली काढून सावलीत बसा आणि संध्याकाळची वाट बघा.

गाडीतून फोटो काढणाऱ्यांसाठी वेगळं. एसी चालू, काच खाली, बाहेर ऊन, म्हणजे थंड आणि गरम हवा बरोबर तुमच्या लेन्सच्या तोंडाशी मिसळतेय. एसी बंद, इंजिन बंद, सगळ्या काचा खाली, आणि आतलं-बाहेरचं तापमान सारखं होईपर्यंत थांबा. बोनेटच्या वरून तर कधीच फोटो घेऊ नका, इंजिन बंद केल्यावरही बोनेट बराच वेळ तापलेलं असतं. डिसेंबरच्या पहाटे हीटर लावून बसलात तरी हाच त्रास.

उजनी धरणाच्या काठी भिगवणला लोक म्हणतात पाण्यावर कुठली गरम हवा. तर थंडीच्या पहाटे उजनीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, पाण्यालगत वाफ दिसते तेव्हा होडीत खाली बसून लांबच्या ऑस्प्रेचा (मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याचा) फोटो घ्याल तर तोही असाच येतो. आणि सिंहगडासारख्या ठिकाणी कड्याच्या काठावर उभं राहून दरीतला पक्षी टिपताना तापलेला कातळ तुमच्या पायाखालीच असतो, तिथे सकाळ लवकर संपते.

पॅनिंग आणि उभं राहायची जागा

पाय पक्षी जिथून येतोय तिकडे नाही, जिथे फोटो घ्यायचाय तिकडे रोखा आणि कमरेतून मागे वळून त्याला पकडा, म्हणजे ऐन फोटोच्या क्षणी शरीर सैल असतं. कोपरं बरगड्यांना लावा, डावा हात हूडच्या जवळ, जितका पुढे तितकं वजन कमी थरथरतं. पक्षी लांब असतानाच त्याच्यासोबत फिरायला लागा, शटर नंतर, छोट्या तुकड्यांत. बोट दाबून ठेवलं की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि पक्षी सर्वात जवळ असताना कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो. सोनी २००-६०० दोन किलोच्या वर, निकॉन २००-५०० सव्वादोनच्या वर, हे हातात धरून ताटकळत उभं राहिलं की थोड्या वेळाने हात थरथरणारच. मोनोपॉड घ्या, त्याचा खर्च नव्या लेन्सच्या तुलनेत काहीच नाही.

वारा पाठीकडून आणि ऊनही पाठीकडून असेल अशी जागा शोधा. शिकारी पक्षी उडताना वाऱ्याला तोंड देतात, कापशी घार हवेत एका जागी थांबून फडफडते तेव्हाही तोंड वाऱ्याकडेच, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर तिचा चेहरा तुमच्याकडे येतो. बसलेला पक्षी विष्ठा टाकून पुढे झुकला की उडणार हे धरून चाला, बोट तयार ठेवा.

सरावाला माळावर जायला नको. गावात, शहरात गच्चीवरून साध्या घारी रोज फिरतात. त्यांच्यावर आठवडाभर रोज अर्धा तास काढलात तर तुमच्या निम्म्या तक्रारी लेन्सला हात न लावता जातील, हे मी अनुभवाने सांगतो.

एवढं करूनही पक्षी लांबच राहत असेल तर गाडी गवतात घालून त्याच्या मागे लागू नका. माळावर टिटवी, चंडोल, धाविक जमिनीवरच घरटी करतात, आणि हॅरियर संध्याकाळी गवतातच रात्रीला उतरतात, एकदा उठवले की अंधारात जागा शोधत फिरतात. कड्यावर शाहीन ससाण्याचं घरटं असेल आणि पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल तर तिथून लगेच निघा. तिथे सेटिंगचा प्रश्नच संपतो.

इलेक्ट्रॉनिक शटर

पंख वाकडे येत असतील तर मेकॅनिकल शटरवर या. स्टॅक्ड, म्हणजे खूप झटपट वाचल्या जाणाऱ्या, सेन्सरवाल्या महाग बॉडींवर हा त्रास जवळजवळ नसतो, बाकीच्यांवर सेन्सर वरून खाली वाचायला जो वेळ लागतो तेवढ्यात पंख हललेला असतो.

आता लेन्स आणि बॉडी

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही मऊ येतंय, तरच हे करा. लेन्स काढा, मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा, खोडरबर घासू नका. बॉडी आणि लेन्स दोन्हीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरून बघा, दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर नक्की, कारण नव्या बॉडीवर जुन्या फर्मवेअरची लेन्स अडखळते.

मग स्थिर चाचणी. पहाटे किंवा ढगाळ वेळी, ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, साधारण २० मीटरवर विटांची भिंत किंवा बारीक छपाईचं खोकं, कॅमेरा त्याला अगदी समोरासमोर. डीएसएलआर असेल तर पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि पाच लाइव्ह व्ह्यूने. लाइव्ह व्ह्यूचे कडक आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला चुकलेले असतील तर वेगळ्या असलेल्या फोकस सेन्सरचा मेळ बिघडलाय, बॉडीत फाइन ट्यूनिंगची सोय असेल तर थोडं थोडं करून जमवा. एन्ट्री लेव्हलच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये ती नसते, मग सर्व्हिस सेंटरलाच बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र द्यावं लागतं. मिररलेसमध्ये फोकस फोटोच्या मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही भानगड नाही.

आणि इथे थांबायचं. खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. लाइव्ह व्ह्यूनेही भिंत मऊ, किंवा एकच बाजू दर फोटोत मऊ. स्टॅबिलायझेशन चालू केलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारतं किंवा थरथरतं. फोकस फिरताना घरघर किंवा कुरकुर आवाज. झूम रिंग एका जागी अडकते. लेन्स पडलेली आहे, वरून ओरखडा नसला तरी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात, म्हणजे बुरशी, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर ही हमखास सापडते, आणि अशी लेन्स दुसऱ्या लेन्सच्या शेजारी कपाटात ठेवू नका.

लांब लेन्समधल्या काचा मिलिमीटरच्या अंशाएवढ्या सरकल्या तरी मेळ जातो आणि तो परत जुळवायला यंत्र लागतं, गल्लीतल्या दुकानात ते नसतं. वॉरंटीत असेल तर बाहेर उघडूच देऊ नका, वॉरंटी जाते. अधिकृत सेंटरला जाताना उडत्या पक्ष्यांचे फोटो नेऊ नका, ते बघून तिथला माणूस "सर, सब्जेक्ट मूव्हमेंट आहे" म्हणणार आणि त्याचं बरोबरच असेल. भिंतीचे ते दहा फोटो रॉ फाइलसह पेनड्राइव्हमध्ये न्या, फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, अंतर कागदावर लिहा, कोणती बाजू मऊ येते त्यावर खूण करा, आणि दुरुस्त होऊन आल्यावर तीच भिंत, तेच अंतर, तीच चाचणी परत करून मगच पावतीवर सही करा, किंवा घरी करणार असाल तर परत आणायची मुदत लिहून घ्या.